बेवारस स्मृतीचा हिशेब

१९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या तारखेस, पहाटेचे दोन वाजून गेल्यावर, लंडन शहराच्या रुग्णवाहिका सेवेच्या मध्यवर्ती कचेरीतील संगणकव्यवस्था प्रथम मंदावली आणि थोड्याच वेळात पूर्णपणे ठप्प झाली. सुमारे ६८ लाख वस्तीच्या त्या महानगरात कोणाच्या छातीत कळ आली आहे, कोण जिन्यावरून पडले आहे, कोणती रुग्णवाहिका कोठे उभी आहे आणि तिने कोठे धावावयाचे आहे, हा सारा कारभार या व्यवस्थेवर जेमतेम नऊ दिवसांपूर्वी, २६ ऑक्टोबर रोजी, पूर्णपणे सोपविण्यात आला होता. पहिल्या दोन दिवसांतच तिच्या उणिवा इतक्या उघड झाल्या, की अर्धा कारभार माणसांना पुन्हा आपल्या हाती घ्यावा लागला. आणि आता उरलेला अर्धाही थांबला. कर्मचाऱ्यांनी पडदे बंद करून पुन्हा सुरू केले, तरी काही हलेना. अशा प्रसंगी आपण होऊन पुढे यावयाचे जे राखीव यंत्र होते तेही उभे राहिले नाही. आणि अखेर कागद, लेखणी व दूरध्वनी यांच्यावर उरलेली रात्र निभावून न्यावी लागली.

या प्रकरणाची चौकशी झाली आणि १९९३ च्या फेब्रुवारीत अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्या पहाटेच्या घटनेचे जे कारण नमूद आहे, ते वाचून आजही मन अस्वस्थ होते. तीन आठवड्यांपूर्वी काही दुरुस्ती करीत असता एका प्रोग्रॅमरच्या नजरचुकीने प्रोग्रॅमचा एक छोटा तुकडा आत राहून गेला होता. दर वेळी एखाद्या रुग्णवाहिकेस रवाना करण्याचा हुकूम निघाला, की तो तुकडा मध्यवर्ती यंत्राच्या स्मृतीतील थोडीशी जागा मागून घेई आणि ती परत करण्याचे मात्र त्याला कोणी सांगितलेले नव्हते. एका हुकुमामागे अडकणारी जागा नगण्य होती; परंतु लंडनसारख्या शहरात असे हुकूम रात्रंदिवस निघत असतात, आणि तीन आठवड्यांच्या अखेरीस यंत्रापाशी द्यावयास काहीच उरले नाही.

या दोषाला संगणकाच्या व्यवसायात मेमरी लीक, म्हणजे स्मृतिगळती, असे म्हणतात. शब्द रूढ झाला आहे म्हणून तो वापरावयाचा. तथापि तो थोडासा फसवा आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. गळक्या घागरीतील पाणी घागरीबाहेर जाते आणि जमीन ओली झालेली दिसते. स्मृतीच्या बाबतीत काहीच बाहेर जात नाही. सगळी जागा यंत्रातच, जिथल्या तिथे असते; पण वाड्यातील एखादी खोली कुलूप लावून ठेवावी, किल्ली हरवावी, आणि ती खोली आपली आहे याचाच घरातील माणसांना विसर पडावा, तशी ती जागा कोणाच्याही उपयोगाची राहत नाही. आपल्या जुन्या दफ्तरांत अशा मालमत्तेसाठी एक नेमका शब्द होता, बेवारस. आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते गळतीपेक्षा या शब्दाने अधिक चांगले कळेल.

लंडनमधला दोष एका विशिष्ट कामासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममधला होता. अशा साध्या प्रोग्रॅमच्या बाबतीत शेवटचा उपाय नेहमी हाताशी असतो: तो बंद करावा. बंद होताच त्याच्या नावे जेवढी स्मृती नोंदलेली असेल तेवढी सर्व ऑपरेटिंग सिस्टिम आपण होऊन जप्त करते व सामायिक कोठारात जमा करते. मग तो प्रोग्रॅम कितीही निष्काळजी असो. ही जप्ती करणारा जो अधिकारी, ज्याच्या ताब्यात यंत्राची सारी स्मृती, सारा वेळ आणि सारी उपकरणे असतात, त्यालाच कर्नेल म्हणतात. कर्नेल म्हणजे गाभा. ऑपरेटिंग सिस्टिमचा अगदी आतला भाग. इतर सर्व प्रोग्रॅम त्याच्याकडे मागणी करतात, तो देतो, नोंद ठेवतो आणि वेळ आली की परत घेतो. पण या कोठावळ्याने स्वतःच्या कामासाठी काढलेल्या मालाचा हिशेब चुकला, तर त्याची झडती घेणारा त्याच्यावर कोणीही नाही. शिवाय कर्नेल मध्येच बंद करता येत नाही. तो थांबतो तो संपूर्ण यंत्र थांबते तेव्हाच. घरातील संगणक आपण रात्री बंद करतो, पण बँकेतील, रेल्वेच्या आरक्षणातील, दूरध्वनीच्या जाळ्यातील यंत्रे महिनोन् महिने अखंड चालत असतात. आणि तेथे कर्नेलच्या हातून दर मिनिटाला एक पान जरी बेवारस होत राहिले, तरी शेवट लंडनच्या त्या पहाटेसारखाच होतो.

पान हा शब्द येथे मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. कर्नेल स्मृतीची वाटणी पानांच्या हिशेबाने करतो, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर असे एक पान ४०९६ बाइटांचे असते. मात्र कर्नेलला स्वतःला लागणाऱ्या वस्तू पुष्कळदा याहून फार लहान असतात. उघडलेल्या फायलीची एखादी नोंद काही शे बाइटांत मावते. म्हणून एका पानाचे सारखे तुकडे पाडून, एका जातीच्या वस्तूंसाठी एक कप्पा, अशी मांडणी केली जाते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतील जेफ बॉनविक यांनी १९९४ साली ही पद्धत, जिला स्लॅब म्हणतात, आपल्या निबंधात मांडली. पुढे लिनक्सने ती स्वीकारली. तिचा एक आनुषंगिक लाभ असा, की प्रत्येक कप्प्याला नाव असते, आणि कोणत्या कप्प्यातील वस्तू वाढतच चालल्या आहेत हे पाहून गळती कोणत्या खात्यात आहे याचा पहिला अंदाज बांधता येतो.

येथून पुढे उदाहरणे लिनक्सचीच घेतो. एक तर त्याचा सर्व मजकूर जगासमोर खुला आहे, त्यामुळे त्यातील चुका व दुरुस्त्या दोन्ही तारीखवार पाहता येतात. आणि दुसरे, वाचकाच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असेल तर हाच कर्नेल त्याच्या सोबत दिवसभर हिंडत असतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा आरंभ केला तेव्हा तो सुमारे दहा हजार ओळींचा होता. २०२० साली त्या ओळी पावणेतीन कोटींवर गेल्या. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सखेरीज दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम उरलेली नाही. २०२३ साली त्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आलेला ऐरावत हा पुण्याच्या सी-डॅकमधील महासंगणकही त्याला अपवाद नाही.

हा सारा मजकूर मुख्यतः सी या भाषेत लिहिलेला आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या या भाषेचा स्वभाव असा, की ती लिहिणाराच्या शब्दावर संपूर्ण विश्वास ठेवते. जागा हवी असेल तर मागावी. कर्नेलमध्ये त्यासाठी केमॅलॉक नावाचे कार्य (फंक्शन) आहे, ते मागितलेली जागा राखून तिचा पत्ता हाती देते. काम झाले की तोच पत्ता केफ्री या कार्याकडे द्यावा, म्हणजे जागा मोकळी होते. मध्यंतरी तो पत्ता जपून ठेवणे, आणि नेमके एकदाच, योग्य वेळी, जागा परत करणे, ही जबाबदारी सर्वस्वी लिहिणाराची. पत्ता लिहिलेला कागद फाटला तर जागा तशीच पडून राहते. भाषा चकार शब्द काढत नाही, यंत्र कुरकुरत नाही, आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागतो.

इतकी सोपी गोष्ट अनुभवी माणसे का विसरतात, असा प्रश्न येथे वाचकाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही, आणि माझ्या मते या विषयातील खरी ग्यानबाची मेख त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. काम यशस्वी झाल्यावर जागा परत करावयास सहसा कोणी विसरत नाही, कारण यशाचा मार्ग रोज हजार वेळा चालला जातो आणि त्यावरील खड्डा पहिल्याच दिवशी पायाला लागतो. विसर पडतो तो अपयशाच्या मार्गावर. समजा, संगणकाला नवे उपकरण जोडले गेले आणि त्याच्या चालकाला, म्हणजे ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमला, सुरुवातीस तीन गोष्टी करावयाच्या आहेत: उपकरणाची माहिती ठेवण्यास जागा घ्यावयाची, येणाऱ्या मजकुरासाठी दुसरी जागा घ्यावयाची, आणि मग उपकरणाची कर्नेलच्या दफ्तरी नोंद करावयाची. पहिल्या दोन जागा मिळाल्या, पण नोंद काही कारणाने नाकारली गेली. चालक कर्तव्यदक्ष आहे. तो काम झाले नाही असे प्रांजळपणे कळवितो आणि परत फिरतो. परंतु परत फिरण्यापूर्वी हातातील दोन जागा सोडावयाच्या होत्या, हे लिहिणाराच्या ध्यानातून निसटले. अशी नोंद नाकारली जाण्याचा प्रसंग लिहिणाराच्या टेबलावर कदाचित एकदाही आला नसेल. तो येतो कोठेतरी दूर, वर्षा-दोन वर्षांनी, एखादे उपकरण बिघडून दर सेकंदाला पुन्हा पुन्हा जोडले-तुटले जाऊ लागते तेव्हा.

२२ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ॲमेझॉनच्या मेघसेवेवर जे संकट कोसळले, ते याचे ठळक उदाहरण आहे. दोष तेथेही कर्नेलबाहेरच्या एका प्रोग्रॅमचा होता, पण रीत हीच. साठवणुकीच्या यंत्रांवरील आकडेवारी गोळा करणारा एक गौण प्रोग्रॅम ती माहिती दुसऱ्या एका यंत्राकडे धाडीत असे. ते यंत्र बिघडले म्हणून बदलण्यात आले; नव्या यंत्राचा पत्ता सर्वत्र कळविण्यात आला, पण काही ठिकाणी तो पोचलाच नाही. मग तेथील प्रोग्रॅम जुन्या, मेलेल्या यंत्राची दारे ठोठावीत राहिले. आकडेवारी चुकली तरी चालेल अशीच ती योजना होती, म्हणून कोणाला गजर गेला नाही. परंतु प्रत्येक निष्फळ खटपटीत थोडी स्मृती अडकत होती, आणि हळूहळू साठवणुकीच्या यंत्रांनाच आपले मूळ काम करण्यास जागा अपुरी पडू लागली. दोष त्या प्रोग्रॅममध्ये आधीपासून होता. अपयशाचा रस्ता तोपर्यंत कोणी चालले नव्हते, इतकेच.

कर्नेलमध्ये याचा परिणाम आणखी एका प्रकारे अन्यायकारक होतो. लिनक्समध्ये साध्या प्रोग्रॅमची न वापरलेली स्मृती तात्पुरती डिस्कवर हलविता येते, पण कर्नेलने स्वतःसाठी घेतलेली जागा हलत नाही. ती वाढत गेली, की इतरांचा वाटा आक्रसत जातो. आणि अखेर सर्वच संपत आले म्हणजे कर्नेल, यंत्र जगावे म्हणून, जो प्रोग्रॅम सर्वांत अधिक जागा व्यापून बसला आहे त्याला निवडून ठार करतो. तो बहुधा त्या यंत्राचा मुख्य कार्यकर्ता असतो, आणि त्याचा काडीचाही अपराध नसतो. दोषी कर्नेलमधली कोठलीशी चार ओळींची गफलत. शिक्षा भोगतो डेटाबेस. नोंदवहीत मृताचे नाव तेवढे दिसते, आणि त्यामुळे अननुभवी व्यवस्थापक चुकीच्या घराची झडती घेत बसतो. अनुभवी माणूस अशा वेळी कर्नेलच्या हिशेबातील एक विशिष्ट रकमेची ओळ पाहतो: स्लॅबमधील परत न मिळवता येणारी स्मृती. ती दिवसागणिक, एकदाही खाली न येता, चढत असेल तर कोठार गळते आहे असे समजावे.

यापेक्षा सूक्ष्म आणि अधिक भयंकर प्रकार संदर्भगणनेचा. कर्नेलमधील पुष्कळ वस्तू एकाच वेळी अनेकांच्या वापरात असतात. म्हणून प्रत्येक वस्तूसोबत एक आकडा ठेवतात, वापरणारा आला की तो एकाने वाढवावयाचा, गेला की एकाने उतरवावयाचा, आणि शून्यावर आला की ती वस्तू मोकळी करावयाची. आता कोणी आकडा वाढविला आणि जाताना उतरविण्यास विसरला, तर तो कधीच शून्यावर येणार नाही, म्हणजे वस्तू कायमची अडकून राहील; ही झाली साधी गळती. पण तो आकडाही शेवटी स्मृतीतील ठरावीक जागेतच लिहिलेला असतो. २०१६ च्या जानेवारीत परसेप्शन पॉइंट या इस्रायली संस्थेच्या संशोधकांनी लिनक्सच्या कीरिंगमधील, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या खात्यातील, एक चूक उघडकीस आणली. एखाद्या प्रोग्रॅमने आपल्याजवळ आधीच असलेला किल्ल्यांचा जुडगा पुन्हा मागितला, तर कर्नेल त्याचा आकडा एकाने वाढवी; मग जुडगा तोच आहे असे ध्यानात येऊन तेथूनच परत फिरे, आणि वाढविलेला आकडा उतरविणे राहून जाई. वरून पाहता ही निरुपद्रवी चूक. परंतु ती मागणी ४,२९,४९,६७,२९६ वेळा केली, की ३२ बिटांचा तो आकडा जुन्या गाड्यांच्या अंतरदर्शकाप्रमाणे फिरून पुन्हा शून्यावर येई. शून्य दिसताच कर्नेल तो जुडगा मोकळा समजून ती जागा दुसऱ्यास देऊन टाकी, आणि हल्लेखोराच्या हाती मात्र तिचा जुना पत्ता शाबूत असे. त्या जागी आपल्या सोयीचा मजकूर पेरून एक सामान्य वापरकर्ता सर्वाधिकारी बनू शकत होता. संशोधकांच्या यंत्रावर एवढ्या मागण्या करण्यास सुमारे अर्धा तास लागला. ही चूक लिनक्सच्या ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे तीन वर्षे, जगभरच्या यंत्रांत बसून होती. तिची दुरुस्ती म्हणजे परत फिरण्यापूर्वी आकडा उतरविणारी एक ओळ होती.

या प्रकरणानंतर, २०१७ साली ४.११ या आवृत्तीत, संदर्भगणनेसाठी नवा आकडा आणला गेला. तो टोकाला पोचू लागला, की फिरून शून्यावर येण्याऐवजी तेथेच गोठतो. गोठला म्हणजे ती वस्तू कधीच मोकळी होणार नाही, अर्थात गळती झालीच. पण चोरी टळली. दोन अनिष्टांपैकी कोणते पत्करावयाचे याचा इतका स्पष्ट निवाडा मला संगणकशास्त्रात फार थोड्या ठिकाणी आढळला आहे, आणि गळती दुरुस्त करू पाहणाराने तो सदैव ध्यानी ठेवावा असा आहे.

बेवारस माल शोधावयाचा कसा? चुकलेल्या जागेचा पत्ता कोठेच लिहिलेला नसतो, हीच तर तिची व्याख्या. मग ती सापडणार कोणाला? याचे उत्तर जुने आणि सुंदर आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी निरुपयोगी स्मृती आपोआप गोळा करण्याची कल्पना काढली. १९७८ साली एड्सगर डाइक्स्ट्रा आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी तीन रंगांची रीत प्रसिद्ध केली. एआरएम कंपनीतील कातालिन मारिनास यांनी त्याच विचारावर केमेमलीक नावाचा तपासनीस घडविला, आणि २००९ साली तो लिनक्सच्या २.६.३१ आवृत्तीत दाखल झाला. हा तपासनीस कर्नेलने घेतलेल्या प्रत्येक जागेची, तिच्या आकाराची आणि ती कोणत्या वाटेने मागितली गेली याची आपल्या वहीत टाचणे ठेवतो. मग साधारण दर दहा मिनिटांनी तो सगळ्या जागा पांढऱ्या धरून शोध आरंभतो: कर्नेलचे कायमचे कोठे आणि चालू कामांच्या चळती (स्टॅक) धुंडाळताना एखादा आकडा वहीतील जागेच्या पत्त्याशी जुळला, की ती जागा करडी होते, आणि मग तिच्या आतही तसाच शोध होतो. सर्व करड्या जागा धुंडाळून झाल्यावर ज्या पांढऱ्याच राहिल्या, त्यांच्याकडे नेणारी वाट उरलेली नाही. त्यांचा तो रीतसर पंचनामा करतो: एवढ्या बाइटांची जागा, अमुक प्रोग्रॅमच्या काळात घेतलेली, आत आरंभी हा मजकूर, आणि येथून येथून ही मागणी आली.

अर्थात पंचनामा म्हणजे निकाल नव्हे. एखाद्याने पत्ता वेगळ्या रूपात लिहून ठेवला असेल तर जिवंत जागा बेवारस ठरते. उलट एखादी साधी संख्या योगायोगाने पत्त्यासारखी दिसली, तर खरी बेवारस जागा जिवंत ठरते. शिवाय सगळा पहारा करण्यात यंत्राचा पुष्कळ वेळ खर्ची पडतो, म्हणून केमेमलीक चालू ठेवावयाचा तो कसोटीच्या यंत्रावर. त्याला जोड म्हणून दुसरीही साधने आहेत. मागितलेली स्मृती मुद्दाम नाकारून अपयशाचे रस्ते बळेच चालावयास लावणारी योजना कर्नेलमध्येच आहे. गूगलमधील दिमित्री व्ह्यूकोव्ह यांनी आरंभिलेला सिझकॉलर हा प्रोग्रॅम कर्नेलवर वेड्यावाकड्या मागण्यांचा अखंड भडिमार करतो, आणि २०१७ पासून त्यावर आधारलेली सिझबॉट ही व्यवस्था सापडलेले दोष आपण होऊन कळविते. फ्रान्समध्ये ज्युलिया लॉवॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉकसिनेल हे साधन केले आहे. ते प्रोग्रॅम न चालविता केवळ मजकूर वाचून, घेतले पण सोडले नाही, अशा जागा दाखविते.

जागा सापडली, आता केफ्रीची एक ओळ लिहिली की झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि घात होतो तो येथेच. कर्नेलमध्ये उपकरणाची नोंद करणाऱ्या कार्याचा एक कडक नियम आहे: नोंद फसली तरी उपकरणाची जागा स्वतः मोकळी करू नका, आपला संदर्भ उतरवा, शेवटचा संदर्भ गेला की जागा आपोआप सुटेल. जाळ्याच्या उपकरणांशी संबंध असलेल्या एमडीआयओ बस या भागात हा नियम पाळलेला नाही व त्यामुळे गळती होते, असे दिसून आल्यावरून कोणी नियमाप्रमाणे संदर्भ उतरविणारी ओळ घातली. स्वतंत्रपणे पाहता दुरुस्ती शास्त्रशुद्ध होती. परंतु या कार्याला बोलावणारे जे वरचे कार्य होते, तेही अपयश आले असता तीच जागा सोडीत असे. त्याला खाली झालेल्या बदलाची वार्ता नव्हती. परिणामी आधीच सुटलेल्या जागेला पुन्हा हात लागू लागला, आणि २०१९ साली त्या दुरुस्तीने निर्माण केलेल्या दोषास सीव्हीई-२०१९-१२८१९ हा सुरक्षा-दोषांच्या यादीतील क्रमांक मिळाला. गळतीने यंत्र काही दिवसांनी थकले असते. दोनदा सोडलेली जागा मात्र तत्क्षणी यंत्र पाडू शकते, किंवा किल्ल्यांच्या जुडग्याप्रमाणे चोरास दार उघडून देऊ शकते.

म्हणून या कामातील मुख्य प्रश्न मालकीचा आहे, असे माझे निश्चित मत झाले आहे. ही जागा कोणाची? घेणाराची, की ज्याच्या स्वाधीन केली त्याची? स्वाधीन करणे फसले तर ती कोणाकडे राहिली? जुन्या काळी कारभारी बदलला म्हणजे कोठीतील प्रत्येक जिन्नस मोजून, याद लिहून, सह्या घेऊन नव्याच्या ताब्यात दिला जाई. त्या निरवानिरवीत एका नगाची नोंद राहिली तर पुढे दोघेही म्हणत, तो माझ्याकडे नव्हता. कर्नेलमधील बहुतेक गळत्या दोन कार्यांच्या सीमेवर, अशा अपुऱ्या निरवानिरवीतून जन्मतात. त्यामुळे चांगला दुरुस्ती करणारा प्रथम बोलावणारे सर्व कार्य वाचतो, मग बोलाविलेले वाचतो, दोघांमधील करार काय हे ठरवितो, आणि अखेरीस एखादी ओळ लिहितो. त्या ओळीसोबत जो खुलासा धाडावयाचा, त्यात कोणत्या जुन्या बदलामुळे हा दोष शिरला त्याची खूण, आणि आपल्या नावाची सही हवी असते. या खुणेमुळेच जुन्या आवृत्त्या सांभाळणारांना ती दुरुस्ती कोठवर मागे न्यावयाची ते कळते. ओळ एक आणि खुलासा वीस ओळींचा, असे पुष्कळदा घडते, आणि ते योग्यच आहे.

अपयशाचा रस्ता नीट बांधण्याची कर्नेलमधील रूढ रीत गोटू या आज्ञेची आहे. कार्याच्या शेवटी सोडण्याची कामे घेण्याच्या उलट क्रमाने, पायऱ्यांसारखी, लिहून ठेवावयाची. आणि ज्या टप्प्यावर घात झाला, त्याच्या लगतच्या पायरीवर उडी घेऊन तेथून खाली उतरत जावयाचे. गोटूचा निषेध करणारे प्रसिद्ध पत्र १९६८ साली याच डाइक्स्ट्रांनी लिहिले होते, आणि त्यांची तीन रंगांची रीत आज या पायऱ्यांवरील चुका शोधते. तरीही सी भाषेत याहून स्वच्छ व्यवस्था मला दिसत नाही. अलीकडे भार हलका करणारी साधने आली आहेत. तेजुन हिओ यांनी २००७ साली आणलेल्या व्यवस्थेत घेतलेली जागा उपकरणाच्या नावे बांधली जाते आणि उपकरण गेले की आपोआप सुटते. २०२३ साली पीटर झायल्स्ट्रा यांच्या प्रयत्नाने कार्य संपताच जागा सोडणारी घोषणा रूढ होऊ लागली. आणि २०२२ च्या डिसेंबरात ६.१ या आवृत्तीपासून मालकीचा विचार मुळातच करणाऱ्या रस्ट भाषेला कर्नेलमध्ये प्रवेश मिळाला. यांचे स्वागत केले पाहिजे. परंतु रस्टसुद्धा गळती अशक्य असल्याची हमी देत नाही, आणि सी भाषेतील कोट्यवधी ओळी उद्या नाहीशा होणार नाहीत.

म्हणून संगणकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. लिनक्सचा सारा मजकूर विनामूल्य मिळतो, आणि त्यातील दुरुस्ती पाठविण्यास पदवी, नोकरी किंवा कोणाची शिफारस लागत नाही. त्यातील निम्म्याहून अधिक मजकूर चालकांचा आहे. कोणताही एक चालक उघडा, त्याचे पहिले कार्य घ्या, आणि जेथे जेथे ते अपयश कळवून परत फिरते तेथे थांबून कागदावर लिहा: येथवर काय काय घेतले, त्यांपैकी काय सोडले, आणि जे सोडले नाही ते आता कोणाच्या स्वाधीन आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर मजकूर पुढे वाचा. सर्व वाचूनही सापडले नाही, तर केमेमलीक चालू करून आपला संशय पडताळा, आणि मग आपल्या नावाच्या सहीने ती ओळ पाठवा.